चुकायची खोली

नाना भावसारांना मी कधी ताजंतवानं पाहिलं नाही. सकाळी संग्रहालयाचं दार उघडताना भेटले तरी ते थकलेलेच असत. लोक 'या, बसा' म्हणतात तसे ते 'थकलो बुवा' म्हणत, आणि मग 'या, बसा'. सुरुवातीला मला वाटायचं, वय झालंय, बिचाऱ्यांना दम लागत असेल. पुढे लक्षात आलं की हा माणूस थकलाय म्हणून काम थांबवत नाही आणि काम आहे म्हणून थकवा लपवतही नाही. दोघांना शेजारी शेजारी बसवून दिवस ढकलतो. आता माझेही गुडघे कुरकुरायला लागलेत, तेव्हापासून मला त्यांची फार आठवण येते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. मी जळगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे. धुळ्यातल्या एका लहानशा संग्रहालयाला तिथल्या तेलगिरणीवाल्या शेठजींनी आपल्या ऑफिसातले दोन जुने कॉम्प्युटर आणि एक खडखडणारा प्रिंटर देऊन टाकला होता. शेठजी त्या संग्रहालयाचे विश्वस्त आणि आमच्या क्लासच्या मालकांचे स्नेही. मालकांनी मला बोलावून सांगितलं, 'रविवारी धुळ्याला जात जा. तिथे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना काय हवंय ते बघा.' रविवार म्हणजे माझा एकुलता एक सुट्टीचा वार. नोकरी नवी होती, नाही म्हणायची सोय नव्हती. पारोळ्यावरून जाणारी एसटी, खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, तोंडावर गरम वारा, मांडीवर शेजारणीचं पोर. मी मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत धुळ्याला उतरले.

नाना शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर संग्रहालयाची देखभाल त्यांच्या गळ्यात पडली, किंवा त्यांनीच ती गळ्यात घालून घेतली. पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, बाह्या मनगटापर्यंत खाली, मे महिन्यातही. जेवण झालं की ते मूर्तींच्या दालनात चटई टाकून आडवे होत, कारण सबंध इमारतीत तेवढीच खोली गार. पहिल्याच रविवारी मी पाहिलं, साक्रीकडचं एक कुटुंब त्या दालनात शिरलं. त्यांनी दगडी विष्णूला हात जोडले, शेजारच्या भग्न देवीला जोडले, आणि पुढे चटईवर डोळे मिटून पडलेल्या नानांपाशी जरा घोटाळले. त्यांच्यातल्या म्हातारीने काही धोका पत्करला नाही. तिने नानांनाही हात जोडले आणि पुढे गेली. नाना जागे होते. एक डोळा उघडून मला म्हणाले, "मास्तरीणबाई, हसू नका. आयुष्यात पहिल्यांदा कोणी उठवलं नाही मला."

मास्तरीणबाई हे माझं नाव तेव्हापासून पडलं.

नानांना हवं होतं ते ऐकून मी चक्रावले. मला वाटलं होतं, वस्तूंची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायची असेल. ते म्हणाले, "नोंदी वहीत आहेत, त्या तिथे बऱ्या आहेत. मला संग्रहालय बघायला आलेल्या माणसांना नक्षी काढायला बसवायचंय. यावर." आणि त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. एकेकटं नाही, सगळं घरदार एकदम. मी म्हटलं, "मुलांना ना?" तर म्हणाले, "मुलं कुठेही शिकतील हो. त्यांच्या आया कुठे शिकतील?"

त्यांची पद्धत ठरलेली होती. आलेल्या घराने आधी संग्रहालय हिंडायचं. खापरांवरचे काळे पट्टे, दगडी चौकटीवरची वेलबुट्टी, कपाटातले कापड छापायचे लाकडी ठसे, यातलं प्रत्येकाने एक काहीतरी मनात धरून यायचं. कागदावर उतरवायचं नाही, नुसतं लक्षात ठेवायचं. मग मोरीवर जाऊन सगळ्यांनी हात धुवायचे. मग एका कॉम्प्युटरपुढे अख्खं कुटुंब बाकावर. पडद्यावर मी एक छोटा चौकोन आखून द्यायचे, त्यात नक्षी काढायची. तो चौकोन उचलून शेजारी ठेवायचा, परत शेजारी, परत खाली, की पडदाभर किनार तयार. शेवटी प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात छापून द्यायची आणि रंग घरी भरायचे.

आणि माउस पहिल्यांदा घरातल्या बाईच्या हातात. हे कलम कडक होतं. बायका लाजायच्या, पदर तोंडाला लावायच्या. "माले नही जमस, नाना. त्यास्ले द्या ना," म्हणून नवऱ्याकडे बोट दाखवायच्या. नवऱ्यांचा हात तर आधीच पुढे आलेला असायचा. नाना त्यांना मोठ्या अदबीने प्रिंटरपाशी न्यायचे. "साहेब, तुम्ही हा कागद धरा. तिरपा गेला तर सगळं मुसळ केरात." कचेऱ्यांतले भाऊसाहेब, सोसायट्यांचे चेअरमन, सगळे त्या भोकांच्या कागदाची पट्टी दोन्ही हातांनी धरून शिस्तीत उभे राहायचे. खरं म्हणजे कागद कोणी धरायची काही गरज नव्हती.

मग नाना स्टुलावर बसायचे आणि त्या बाईला हळू आवाजात म्हणायचे, "आठे कोनी रागे भरस नही, अक्का. चुकू द्या." दिवसभरात हे ते किती वेळा म्हणत कोण जाणे. रेघ वाकडी गेली, चुकू द्या. चौकोन भलतीकडे चिकटला, चुकू द्या. माझ्या बोटांना खाज सुटायची, की पटकन माउस हातातून घेऊन नीट करून द्यावं. एकदा मी घेतलाही. नानांनी मला प्रिंटरपाशी कागद धरायला पाठवलं.

सगळ्यात जास्त गर्दी आखाजीच्या आठवड्यात. देशावर अक्षय्य तृतीया एका दिवसात उरकते, खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचं हक्काचं माहेरपण. झोके बांधलेले, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि बायकांना कामाला हात लावू द्यायचा नाही. नानांनी हे बरोबर हेरलं होतं. 'वर्षातून एवढेच दिवस तिला कोणी हाक मारत नाही,' ते म्हणत. मग ते चार दिवस मी क्लासमधून रजा काढायचे आणि आम्ही रोज खोली उघडी ठेवायचो. कूलर पाणी उडवायचा, वीज जायची, यायची, पुन्हा जायची, आणि बायका हातपंख्याने वारा घेत बसून राहायच्या.

अशाच एका आखाजीला पारोळ्याजवळच्या खेड्यातून सुमन नावाची एक बाई आली. सोबत तिची आई आणि एक वहिनी. तिने नक्षी सोडून सरळ गौराईचं तोंड काढायला घेतलं, घरी बसवतात ना तसलं. छान काढत होती. डोळे झाले, नाक झालं, नथ झाली. मग कुंकू लावलं आणि ते गेलं डाव्या भुवईच्या वर. मी सहज म्हटलं, "काही नाही, हे खोडरबर घ्या आणि पुसा."

तिने माउसवरून हात काढला. चटका बसावा तसा.

"कुकू कोनी पुसस का, बाई?" सुमन म्हणाली.

मी तेव्हा तेवीस-चोवीसची, अंगात शास्त्रीय दृष्टी भरलेली. मी समजवायला लागले की हे खरं कुंकू नाही, नुसते लाल ठिपके आहेत. तिघी माझ्याकडे अशा बघत होत्या, की ही पोर शिकलेली आहे पण हिला घरी कोणी काही सांगितलेलं दिसत नाही. नवरा धडधाकट असलेली बाई आखाजीच्या दिवशी स्वतःच्या हाताने गौराईचं कुंकू पुसेल, हे होणारच नव्हतं. आणि कुंकू तिथे राहिलं तर गौराई वाकडी दिसणार. सुमनच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

नाना स्टुलावरून उठले. पडद्यापाशी येऊन वाकले. मग म्हणाले, "कुकू ऱ्हाऊ द्या. कपाळ वाढवा."

आणि तिने वाढवलं. डाव्या बाजूला कपाळ वाढवत नेलं, कुंकू मधोमध येईपर्यंत. मग केस सरकवावे लागले. मग कान. मग गाल कमी पडला म्हणून गाल. नथ एकीकडे राहिली म्हणून नाकही फुगवलं. तासाभराने गौराई भोपळ्याएवढी रुंद होऊन पडद्यावर मावेना. सुमनच्या आईने ती नीट निरखली आणि म्हणाली, "हाई गौराई ते बठ्ठा गाव जेवीसन उनी." सबंध गाव जेवून आलेली गौराई. सुमन इतकी हसली, इतकी हसली की तिला बाकाला धरावं लागलं. वहिनी मला नंतर हळूच म्हणाली, लग्न झाल्यापासून हिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ते चित्र छापून, गुंडाळी करून तिने सांभाळून नेलं. ते पुढे घरात लावलं की कसं, मला माहीत नाही.

ठशांबद्दल नानांचं मत ऐकून शहरातले पाहुणे हिरमुसायचे. ते कपाटातले ठसे नानांच्या वडिलांचेच होते. भावसारांचा पिढीजात धंदा कापड रंगवण्या-छापण्याचा. पाहुणे म्हणायचे, 'काय कला होती हो, सगळी गेली.' नाना म्हणायचे, 'आमच्या घरात तिला कला म्हणत नव्हते, पाठदुखी म्हणत.'

एका दुपारी वीज गेलेली, खोलीत आम्ही दोघंच. तेव्हा ते एकदा सविस्तर बोलले. लहानपणी ते वडिलांच्या हाताखाली छापत. ठसा रंगात बुडवायचा, आधीच्या ठशाला काटेकोर भिडवून दाबायचा. केसभर सरकला तर ते कापड वाया. वडील मारत नसत, ओरडतही नसत. वाया गेलेल्या कापडाचा आईकडून नानांसाठी सदरा शिवून घेत. "म्हणजे मास्तरीणबाई, मी माझ्या चुका अंगावर घालून शाळेत जायचो. सगळ्या वर्गाला दिसायचं, काल भावसाराचं कुठे चुकलं ते. मोठे छान शिक्षक होते आमचे वडील. असं बसवलं हातात की पुन्हा चुकलो नाही."

मग त्यांनी बंद कॉम्प्युटरवर हात ठेवला. "हे यंत्र मला का आवडतं माहितीये? यावर चुकलं तर कापड जात नाही. या बायकांचं बघा. भाकरी करपली की बोलणी, मीठ जास्त झालं की बोलणी, मूल पडलं की हिचंच लक्ष नव्हतं. यांना कधी कोणी चुकू दिलंय? माझ्याच्याने दुसरं काही झालं नाही. एवढी एक खोली झाली, चुकायची. ती राहिली पाहिजे बघा." वीज आली आणि आम्ही कूलर लावला.

ती राहणार नाही अशी लक्षणं मात्र दिसायला लागली होती. कॉम्प्युटर या शब्दाला तेव्हा एकाएकी भाव आला होता. गल्लोगल्ली क्लास निघत होते, आमच्या जळगावला तर फारच. रविवारी येणारे बाप आता आत यायच्या आधीच विचारायचे, "सर्टिफिकेट मिळेल का?" मुलाला खोलीत ढकलायचे आणि बायकोला घेऊन बाहेर कट्ट्यावर बसायचे. नाना त्यांना आत बोलवायला जायचे. ते म्हणायचे, "आम्ही काय करणार आत? पोराचं होऊ द्या." एका इंजिनियरने तर मुलाच्या आईच्या हातातून माउस काढून घेतला, मुलाच्या हातात दिला आणि नानांना ऐकवलं, "आजोबा, जग कुठे चाललंय." नानांनी त्यालाही प्रिंटरपाशी न्यायचा प्रयत्न केला. तो गेला नाही.

मग शेठजींनी बैठक बोलावली, मलाही बोलावलं. शेठजी वाईट माणूस नव्हते, उलट फार सालस. छप्पर गळत होतं, शासनाकडून काही येत नव्हतं, आणि एक क्लासवाला ती खोली भाड्याने घ्यायला तयार होता. नवी यंत्रं तो स्वतः आणणार होता, वर छप्परही करून देणार होता.

"नाना, तुम्हीच बसा ना तिथे प्रमुख म्हणून," शेठजी कळवळून म्हणाले. "लोकांना कागद लागतो. तीन महिन्यांनी एक परीक्षा घ्यायची, इतकंच."

"परीक्षा घ्यायची म्हणजे चुका मोजायच्या, शेठजी."

"मोजाव्या लागतातच की हो. जगात सगळीकडे मोजतात."

"म्हणून तर म्हणतो, एक खोली सोडा."

शेठजींनी मान हलवली. त्यांना समजलं होतं, असं मला आजही वाटतं. पण वर छताच्या डागाकडे बघून त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या वडिलांचे ठसे भिजले तर?" नानांनीही वर डागाकडे बघितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, रविवार तरी वेगळा ठेवता येईल. तिथेच बसलेल्या क्लासवाल्याने रविवारीच जास्त पोरं येतात म्हणून सांगितलं. चहा आला, नानांनी बशीत ओतून प्यायला आणि म्हणाले, "आखाजी तेवढी होऊ द्या." ती होऊ द्यायचं ठरलं. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून खोली रंगवायला घेणार होते.

शेवटच्या आखाजीला फार कोणी आलं नाही. ऊन मरणाचं होतं. दोन-तीन घरं येऊन गेली. संध्याकाळी मी प्रिंटरचा कागद गुंडाळत होते तेव्हा दारात नानांच्या पत्नी उभ्या. काकू इतक्या वर्षांत कधी इकडे फिरकल्या नव्हत्या. नानांच्या डब्यातल्या भाजीवरून माझी त्यांच्याशी ओळख, एवढीच. बारीक अंगाच्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. म्हणाल्या, "उद्यापासून दुसऱ्यांची खोली होणार ना. म्हटलं बघून तरी यावं, हे रविवारी कुठे जातात ते."

नानांनी घाईघाईने बाक पुसला. माउस त्यांच्यापुढे सरकवला. काकूंनी तो परत नानांकडे ढकलला. "आधी तुम्ही काढून दाखवा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी नानांना त्या यंत्रावर काही काढताना कधीच पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या मागे उभं राहण्यातच त्यांची वर्षं गेली होती. ते बसले. हात माउसवर ठेवला आणि तसाच ठेवला. मग एक रेघ काढली, सुतात धरल्यासारखी सरळ. खाली वळवली, तीही सरळ. चौकोन झाला. त्यात एक पाकळी, तिच्यासमोर हुबेहूब दुसरी. मी एवढ्या वर्षांत त्या पडद्यावर इतकं बिनचूक काही पाहिलं नव्हतं. पण नानांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि खांदे वर चढले होते. प्रत्येक रेघेआधी ते श्वास धरत होते.

"एवढं जपून कशाला?" काकू म्हणाल्या. "काढा की कसंही."

नानांनी प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगते. मनगट सैल सोडलं, नजर दुसरीकडे केली. रेघ निघाली ती पाकळीच्या देठाला नेमकी जाऊन भिडली. "नाही येत गं," ते म्हणाले. मला तिथे उभं राहवेना. मी उगाच कागदाची गुंडाळी सोडून पुन्हा बांधायला घेतली. बायकांना ते जे इतकं सढळ हाताने वाटत होते, त्यातलं त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काहीच आलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

काकूंनी नानांना खांद्याला धरून उठवलं आणि आपण बसल्या. चौकोन बघितला नाही, नक्षी बघितली नाही. सरळ गिरगटायला सुरुवात केली. लांबच लांब, त्या सुबक पाकळ्यांवरून, चौकोनाबाहेर, पार कडेपर्यंत. मग लाल सापडला, तो ओतला. मग हिरवा. जीभ दातांत धरून, चष्मा नाकावर घसरलेला. नाना मागे उभे होते.

माझी जळगावची शेवटची एसटी चुकली असती, म्हणून मी निघाले. दोघांनाही सांगितलं, पण काकूंनी मान वर केली नाही आणि नानांनी नुसता हात उचलला. त्या संध्याकाळनंतर मी नानांना पाहिलं नाही. त्याच पावसाळ्यात ते गेल्याचं शेठजींकडून कळलं.

त्या संध्याकाळी निघताना फाटकातून मागे वळून बघितलं तर खिडकीत उजेड होता. संग्रहालयाचा शिपाई कुलूप-किल्ली घेऊन दारात उभा, त्याला घरी जायची घाई. उद्याच्या रंगाचे डबे घेऊन नुकताच आलेला क्लासवाल्याचा माणूसही काहीतरी विचारत होता, बहुतेक कधी आवरणार म्हणून. काकूंचा हात अजून फिरतच होता. आणि नाना त्यांच्या पाठीशी दोन्ही हात पसरून उभे होते, शिपायाला आणि त्या माणसाला काकूंजवळ येऊ न देता.